जुन्या छायाचित्रांतील वेशभूषा

जुन्या घराच्या ओटीवर किंवा माजघरात, काळवंडलेल्या लाकडी चौकटीत बसविलेले एखादे छायाचित्र बहुधा असतेच. सोमेश्वरनगरच्या आसपास करंजे, वाणेवाडी, होळ या गावांतून फिरले तरी अशा चौकटी दृष्टीस पडतात. चित्रात एक गृहस्थ खुर्चीत ताठ बसलेले असतात, आणि त्यांच्या शेजारी पत्नी उभी असते. घरातील शाळकरी मुलगी एखाद्या दिवशी त्या चित्रापुढे थबकते आणि विचारते, "पणजी पांढरे लुगडे का नेसली आहे? आणि तिच्या कपाळी काळे कुंकू कसे?" या प्रश्नाला वडील माणसांपाशी सहसा उत्तर नसते. कोणी म्हणतो, त्या काळी तशी रीत असेल. कोणी म्हणतो, चित्र विटले असेल. वस्तुतः तशी रीतही नव्हती आणि चित्रही विटलेले नसते. लुगडे बहुधा आस्मानी रंगाचे असते, आणि कुंकू कोणत्याही सुवासिनीच्या कपाळी असते तसे लालच असते. चुकलेला असतो तो कॅमेरा.

हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. मागील पिढ्यांचा पेहराव कसा होता हे जाणण्यास आज तीनच साधने उरली आहेत: पेटीच्या तळाशी जपलेली वस्त्रे, वृद्धांच्या आठवणी आणि छायाचित्रे. पैकी लुगडे विरले म्हणजे त्याची वाकळ होते, आणि जर चांगली असेल तर ती सोनाराकडे जाते. आठवणी माणसाबरोबर जातात. मागे राहते ते छायाचित्र. म्हणून ते काय सांगते, काय लपविते आणि कोठे फसविते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

दागेर याची छायाचित्रणाची रीत पॅरिस येथे १८३९ साली जाहीर झाली, आणि मुंबईस ही विद्या येण्यास फार काळ लागला नाही. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या विद्येत प्रवीण झालेल्या आरंभीच्या हिंदी गृहस्थांपैकी होत. त्या काळी काचेवर कलोडियन नावाचे चिकट द्रावण पसरीत, ती काच चांदीच्या क्षारात बुडवीत आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालीत. आर्चर या इंग्रज गृहस्थाने ही रीत १८५१ साली प्रसिद्ध केली होती. तीत एक मोठा दोष होता. चांदीच्या क्षारावर निळ्या आणि जांभळ्या प्रकाशाचा परिणाम चटकन होई. हिरव्याचा थोडा, आणि तांबड्या-पिवळ्याचा जवळजवळ मुळीच नाही. त्यामुळे निळे आकाश कागदावर पांढरे फटफटीत उतरे, आणि हळद, कुंकू, केशरी पागोटे, तांबडे लुगडे ही सर्व काळी पडत. लाल आणि गर्द हिरवा हे आपणांस एकमेकांपासून अगदी दूरचे वाटणारे रंग. परंतु कॅमेऱ्याच्या डोळ्याला दोन्ही सारखेच अंधारी.

पुढे १८७३ साली फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञास असे आढळून आले की, काचेवरच्या लेपात विशिष्ट रंगद्रव्ये मिसळली असता तो हिरव्या-पिवळ्या प्रकाशासही दाद देतो. त्यावरून सुधारलेल्या काचा निघाल्या. परंतु तांबड्या रंगाच्या बाबतीत त्याही आंधळ्याच राहिल्या. सर्व रंगांस दाद देणाऱ्या काचा इंग्लंडात १९०६ साली बाजारात आल्या, तरी लहान गावांतील फोटोवाल्यांनी जुन्या जातीच्या काचा व फिल्म पुढे बरीच वर्षे सोडल्या नाहीत. याचे कारण व्यवहारी होते. तांबड्यास आंधळी असलेली काच तांबड्या दिव्याच्या उजेडात डोळ्यांनी पाहत धुता येते. सर्व रंग जाणणारी काच मात्र पूर्ण अंधारात, अंदाजाने धुवावी लागते. एक काच बिघडली तर दिवसाची कमाई बुडावयाची, अशा स्थितीत जुनी सवय कोण मोडणार? सबब १९३०-४० च्या सुमाराच्या कित्येक छायाचित्रांतही कुंकू काळेच दिसते. ज्या घरात पणजीचे लुगडे पांढरे समजून तिच्याविषयी भलत्याच कथा रचल्या गेल्या असतील, त्या घराने हे रसायनशास्त्र ध्यानी घ्यावे.

कॅमेऱ्याने अशी एक चूक केली, तर माणसाच्या हाताने दुसरी. सावळी कांती या काचांवर मुळात आहे त्याहून अधिक काळी उतरे. गिऱ्हाइकास ते रुचत नसे. म्हणून फोटोवाला धुतलेल्या काचेवर टोकदार पेन्सिलीने बारीक रेघा ओढून चेहरा उजळ करी, सुरकुत्या बुजवी, आणि कागदावर छाप उतरल्यावर कुंचल्याने गालास गुलाबी, दागिन्यास पिवळा आणि काठास हिरवा रंग भरी. हा रंग पुष्कळदा लुगडे न पाहता, केवळ तोंडी वर्णनावरून भरलेला असे. तात्पर्य, एक चूक माणसास काळे करणारी आणि दुसरी गोरे करणारी. मूळ माणूस या दोहोंच्या मध्ये कोठे तरी उभा असतो.

आता छायाचित्रातील वस्त्रांकडे वळू. आरंभी कॅमेरा वेश टिपू लागला तो शोभेसाठी नव्हे, तर माणसांची वर्गवारी लावण्यासाठी. विल्यम जॉन्सन या मुंबईतील इंग्रज छायाचित्रकाराने तेथील निरनिराळ्या ज्ञातींच्या लोकांची छायाचित्रे दोन भागांत, १८६३ आणि १८६६ साली प्रसिद्ध केली. माणसे एके ठिकाणी उभी करून टिपावयाची आणि त्यांच्यामागे दुसऱ्याच स्थळाचे चित्र जोडावयाचे, ही त्याची पद्धत. त्यात पगडीचा घाट, धोतराची नेसण, लुगड्याचा काष्टा यांवरून माणूस कोणत्या जातीचा हे पाहणाऱ्यास कळावे, एवढाच हेतू होता. माणूस गौण, पेहराव मुख्य. पुढे हिंदी लोक आपल्या पैशाने आपली छायाचित्रे काढवू लागले, तेव्हा हा संबंध उलटला. आपण कसे दिसावे हे आता गिऱ्हाईक ठरवू लागले.

मात्र ते ठरविण्याची सामग्री फोटोवाल्याच्या दुकानातली असे. मागे रंगविलेला पडदा, त्यावर महालाचे खांब आणि कारंजे. पुढे गोल टेबल, त्यावर फुलदाणी, एखादे जाड पुस्तक. हातात काठी, खिशात घड्याळाची साखळी, प्रसंगी कोटही दुकानाचाच. ज्याला अक्षरओळख नाही त्याच्या हाती पुस्तक असे, आणि ज्याच्या घरी खुर्ची नाही तो कोरीव खुर्चीत बसे. जत्रेत पडदा लावून बसणारे फिरते फोटोवाले हेच सोंग अर्ध्या किमतीत देत. यात हसण्यासारखे काही नाही. माणसाने स्वतःसाठी इच्छिलेले जीवन त्या एका क्षणात कागदावर उतरविले, आणि तीही एक खरी माहितीच आहे. मात्र ती त्याच्या इच्छेची माहिती आहे, घराची नव्हे, एवढे भान पाहणाऱ्याने ठेवावे.

चांगले दिसणे म्हणजे कसे दिसणे, हे लोकांस कोणी शिकविले? महाराष्ट्रात त्याचे पहिले मोठे गुरू छायाचित्रकार नव्हते. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईस घाटकोपर येथे शिळाछापाचा कारखाना काढला. त्यांच्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघर गेल्या, आणि देवतांच्या अंगावर लोकांनी लुगडे पाहिले. दुसरे गुरू नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व (१८८८–१९६७). १९११ सालच्या 'मानापमान' मधील भामिनी, १९१६ सालच्या 'स्वयंवर' मधील रुक्मिणी, १९१९ सालच्या 'एकच प्याला' मधील सिंधू या त्यांच्या भूमिकांची छायाचित्रे घरांतून जपली गेली. त्यांचा अंबाडा, त्यांची नथ, गजरा माळण्याची आणि पदर घेण्याची ढब यांचे अनुकरण कुलीन घरांतील स्त्रिया करीत. एका पुरुषाने स्त्रियांस स्त्रीवेश शिकविला, हे ऐकून आज नवल वाटेल. परंतु त्या काळी कुलवान स्त्रीने रंगभूमीवर उभे राहणे किंवा आपले चित्र छापू देणे हेच निंद्य मानले जाई. नमुना म्हणून चारचौघांपुढे उभी राहू शकेल अशी स्त्रीच नसल्यामुळे तो मान एका नटाकडे गेला. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामतीच्या भूमिकेसही अण्णा साळुंके या पुरुषासच उभे करावे लागले, याचे कारण तेच.

छायाचित्र घराच्या भिंतीवरून मासिकाच्या पानावर आले ते एका यांत्रिक युक्तीमुळे. छापखान्याच्या शाईस काळा हा एकच रंग ठाऊक. करडा तिला येत नाही. मग छायाचित्रातील सावल्या छापाव्या कशा? १८८० नंतर युरोप-अमेरिकेत यावर तोड निघाली. काचेवर अतिशय बारीक उभ्या-आडव्या रेघा कोरून त्या जाळीतून छायाचित्राचे छायाचित्र घ्यावयाचे. त्यामुळे चित्राचे सहस्रावधी ठिपके होतात. गडद जागी मोठे, फिकट जागी लहान. ते जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर उतरवून आम्लाने कोरले म्हणजे ठसा तयार होतो, आणि तो अक्षरांच्या खिळ्यांबरोबर यंत्रावर चढविता येतो. जुन्या मासिकातील चित्र भिंगाखाली धरले की हे ठिपके आजही स्पष्ट दिसतात. खरबरीत कागदावर बारीक ठिपके भरून जातात; म्हणून चांगली चित्रे तुळतुळीत कागदावर वेगळी छापून मासिकात मध्ये शिवीत. या कलेत निष्णात असलेल्या माणसांत स्वतः फाळके होते. त्यांनी लोणावळ्यास ठसे व छपाईचा उद्योग चालविला आणि १९०९ साली यंत्रसामग्रीसाठी ते जर्मनीस जाऊन आले. त्याच वर्षी का. र. मित्र यांनी आपल्या 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढून सचित्र दिवाळी अंकांची परंपरा सुरू केली. 'मनोरंजन' स्वतः १८९५ पासून चालू होते.

याच सुमारास पश्चिमेकडे वेशभूषेची छायाचित्रे हा एक स्वतंत्र धंदा बनू लागला होता. 'व्होग' हे नियतकालिक न्यूयॉर्क येथे १८९२ साली निघाले. १९०९ साली कॉन्डे नास्ट यांनी ते घेतले. १९११ साली एडवर्ड स्टायकेन यांनी पॅरिसमधील पॉल प्वारे या वस्त्रकाराच्या झग्यांची छायाचित्रे काढली. झग्याची शिवण दाखविण्यापेक्षा तो अंगावर कसा झुलतो हे त्यांत दाखविले होते, म्हणून त्यांस या कलेतील पहिली आधुनिक छायाचित्रे असे पुष्कळ लोक म्हणतात. १९३२ साली 'व्होग' च्या मुखपृष्ठावर त्यांचेच रंगीत छायाचित्र आले. १९३३ साली मुंकाची या हंगेरियन छायाचित्रकाराने 'हार्पर्स बझार' साठी समुद्रकाठी धावणारी तरुणी टिपली, आणि तोवर पुतळ्यासारखी उभी असलेली नमुना-स्त्री प्रथमच चालती-बोलती झाली.

या पाश्चात्त्य कलेशी मराठी माणसाचा प्रत्यक्ष संबंध आला, आणि तो नीरेच्या काठाशी नाते सांगणाऱ्या एका घराण्याच्या द्वारे. होळकर हे आडनाव नीराकाठच्या होळ गावावरून पडले, हे सर्वश्रुत आहे. त्या घराण्याचे इंदूरचे अधिपती दुसरे यशवंतराव (१९०८–१९६१) हे ऑक्सफर्ड येथे शिकलेले. त्यांची पत्नी संयोगितादेवी या कागलच्या घाटगे घराण्यातील. या तरुण दांपत्याची छायाचित्रे १९३० च्या सुमारास मॅन रे याने काढली. मॅन रे हा मूळचा अमेरिकन. पॅरिसमध्ये राहून तो चित्रकला आणि वेशभूषेची छायाचित्रे या दोन्ही क्षेत्रांत नावाजला होता. त्याच्या छायाचित्रांत गादी नाही, छत्रचामरे नाहीत, मागे रंगीत पडदा नाही. एकमेकांशेजारी मोकळेपणाने बसलेले दोन तरुण जीव तेवढे आहेत. संस्थानिकांच्या त्यापूर्वीच्या छायाचित्रांत रत्नांच्या माळा मोजता येतात, परंतु पतीपत्नी एकमेकांकडे पाहत नाहीत. येथे दागिने थोडे आणि माणसे अधिक दिसतात.

याच यशवंतरावांची दोन तैलचित्रे बेर्नार बूते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकाराने रंगविली. १९२९ च्या चित्रात ते युरोपीय सायंकाळच्या पोशाखात उभे आहेत. काही वर्षांनी काढलेल्या चित्रात मराठी दरबारी वेशात, पगडी घालून गादीवर बसले आहेत. एकच माणूस, दोन वेश, आणि दोन्ही त्याचेच. नवे घेतले म्हणून जुने टाकलेच पाहिजे असे नाही, हे या दोन चित्रांनी जितके स्पष्ट होते तितके एखाद्या व्याख्यानाने होणार नाही. संयोगितादेवी १९३७ साली अल्प वयात निवर्तल्या. इंदूरचा माणिकबाग राजवाडा, त्यातील सामान आणि ही छायाचित्रे यांचे एक मोठे प्रदर्शन २०१९ साली पॅरिस येथे भरले होते.

दुसरे उदाहरण बडोद्याचे. सयाजीराव गायकवाड यांची कन्या इंदिराराजे (१८९२–१९६८) यांचा विवाह १९१३ साली कूचबिहारच्या राजघराण्यात झाला. हिंदुस्थानात शिफॉनची साडी रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. परदेशी विणलेले, वाऱ्यासारखे हलके वस्त्र. परंतु नेसण साडीची. त्यांची कन्या गायत्रीदेवी पुढे जयपूरची महाराणी झाली आणि सेसिल बीटन यांच्यासारख्या विलायती छायाचित्रकारांनी तिची छायाचित्रे काढली. नऊवारी लुगड्यात वाढलेल्या घरातून पाचवारी शिफॉनकडे झालेला हा प्रवास एका पिढीतला आहे.

होळकर घराण्याचे वस्त्रांशी असलेले नाते मात्र याहून जुने आहे. अहिल्यादेवींनी अठराव्या शतकात महेश्वर येथे विणकर आणून वसविले. तेथील लुगड्यांच्या काठांवर किल्ल्याची व घाटाची नक्षी उतरली, आणि 'महेश्वरी' हे नाव मराठी घरांत रुळले. विसाव्या शतकात माग बंद पडत चालले, तेव्हा १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस यशवंतरावांचे पुत्र रिचर्ड होळकर व त्यांच्या पत्नी सॅली होळकर यांनी 'रेहवा' ही संस्था काढून ते पुन्हा चालते केले. पॅरिसच्या कॅमेऱ्याने एका राजाचे रूप जपले. महेश्वरच्या मागांनी अनेक कुटुंबांची भाकरी जपली. दोन्ही गोष्टी वेशभूषेच्याच इतिहासात मोडतात.

संस्थानिकांचे अनुकरण थोडे लोक करू शकतात. मध्यमवर्गास नमुना पुरविला तो बोलपटाने आणि मासिकांनी. १९३२ साली प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' आला आणि त्यात दुर्गाबाई खोटे यांच्यासारखी प्रतिष्ठित घराण्यातील सुशिक्षित स्त्री पडद्यावर दिसली. १९३७ साली 'कुंकू' मध्ये शांता आपटे यांनी साध्या पातळात अन्यायाविरुद्ध उभी राहणारी नायिका दाखविली. १९४१ साली लीला चिटणीस यांचे छायाचित्र लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकले. त्या जाहिरातीतील त्या पहिल्या हिंदी नटी. अवघ्या तीस वर्षांपूर्वी भामिनीचे रूप एका पुरुषाने दाखवावे लागले होते, हे आठवले म्हणजे हा बदल केवढा होता ते कळते. छापील पानावर स्त्रीचे चित्र येणे ही निंदेची गोष्ट न राहता अभिमानाची होऊ लागली.

मासिकांत अग्रमान किर्लोस्करवाडीचा. तेथून १९२० पासून निघणारे 'किर्लोस्कर खबर' पुढे 'किर्लोस्कर' झाले. १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' निघाले. संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार असल्यामुळे मासिकाचे अंतरंग आणि बहिरंग या दोहोंकडे त्यांचे सारखेच लक्ष असे. याच काळात नऊवारी की पाचवारी हा वाद घरोघर चालला होता. सुमारे सव्वाआठ मीटरचे लुगडे आणि साडेचार मीटरचे गोल पातळ यांत केवळ कापडाचा फरक नव्हता. काष्टा घातलेल्या लुगड्यात शेतात वाकता येते, घोड्यावर बसता येते. गोल पातळ नेसणे सोपे, धुणे सोपे, आणि शाळा-कचेरीत जाणाऱ्या मुलीस सोयीचे. जुन्या लोकांस ते उच्छृंखल वाटे. वादाचा निकाल लागला तो मात्र युक्तिवादाने नव्हे, तर सोयीने आणि किमतीने, आणि शिकलेल्या मुली त्या वेशात चित्रांतून वारंवार दिसू लागल्यामुळे. जे डोळ्यांस सवयीचे झाले ते मनास सभ्य वाटू लागले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांनी आपल्या सहाध्यायिनींची जी छायाचित्रे काढली, त्यांत हा नवा मोकळेपणा स्पष्ट दिसतो. गंमत अशी की, त्यांची आरंभीची छायाचित्रे त्यांच्या पतीच्या नावाने छापली जात.

मराठी मासिकांचे एक वैशिष्ट्य येथे सांगितले पाहिजे. पश्चिमेकडे मुखपृष्ठावर छायाचित्र आले, तरी मराठी दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठावर दीर्घकाळ चित्रकाराचेच राज्य राहिले. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांनी १९४५ साली 'दीपावली' काढला. रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) हे दुसरे लोकप्रिय नाव. त्यांच्या चित्रांतील स्त्रियांची साडी, केशरचना आणि उभे राहण्याची ढब यांचे अनुकरण वाचक करीत. रंगीत छायाचित्रण त्या काळी फार महाग होते. शिवाय रंगीत चित्र छापण्यास पिवळा, तांबडा आणि निळा असे तीन ठसे एकावर एक तंतोतंत बसवावे लागत. एक केसभर सरकला तरी ओठ गालावर जात. चित्रकार आपले रंग ठशांस मानवतील असे निवडू शके. फोटोवाल्यास ती मुभा नव्हती.

या मोहक पानांची दुसरी बाजूही आहे. मुखपृष्ठावरील स्त्री बहुधा गोरी, सडपातळ आणि निवांत असे. आतील पानांवर चेहरा उजळ करणाऱ्या मलमांच्या जाहिराती असत. मुंबईस १९१९ साली निघालेला 'अफगाण स्नो' त्यांत प्रसिद्ध होता. फोटोवाल्याच्या पेन्सिलीने जे एका चेहऱ्यावर केले, ते मासिकांनी सबंध पिढीच्या मनावर केले. सावळ्या मुलीस आपण उणे आहो असे वाटू लागले, आणि ते वाटणे अद्याप सर्वस्वी गेलेले नाही. ज्या पानांनी स्त्रीस घराबाहेर पाऊल टाकण्यास धीर दिला, त्याच पानांनी तिच्या कांतीस कमी लेखले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी लपविणे बरे नव्हे.

आता घरातील छायाचित्र वाचावे कसे, याच्या काही खुणा. पुरुषाच्या डोक्यावर पगडी आणि खांद्यावर उपरणे असेल तर चित्र बहुधा १९२० च्या आधीचे, किंवा जुन्या वळणाच्या माणसाचे. पांढरी गांधी टोपी असेल तर ते १९२० नंतरचेच. मनगटी घड्याळ पुरुषांत रूढ झाले ते पहिल्या महायुद्धानंतर. स्त्रीच्या अंगात पुढे गाठ मारलेली खणाची चोळी आहे, की पोलके, की झालरीचे जंपर, हेही पाहावे. नथ डाव्या नाकपुडीत असावयाची. ती उजवीकडे दिसली आणि कोटाची गुंडीही उलट बाजूस असली, तर काच उलटी धरून छाप काढला आहे असे समजावे. पडदा आणि खुर्ची यांवर विश्वास ठेवू नये, पाय पाहावेत. कोट उसना मिळे, परंतु अनवाणी पायांच्या टाचा माणसाच्या स्वतःच्या असतात. आणि रंगाविषयी कॅमेऱ्याची साक्ष कधीही एकट्याने ग्राह्य धरू नये.

अशा चित्रांत जे नाहीत त्यांचाही विचार व्हावा. १९३० नंतर इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसले, पुढे या भागात सहकारी साखर कारखाने उभे राहिले, आणि कारखान्यांच्या समारंभांची सामुदायिक छायाचित्रे निघू लागली. त्यांत पुढच्या खुर्च्यांवर बसलेल्यांची नावे लिहून ठेवलेली असतात. मागे उभ्या असलेल्यांची क्वचित. ऊस तोडावयास येणाऱ्या बाईने लुगड्यावरून चढविलेला पुरुषी सदरा, उन्हासाठी डोक्यास गुंडाळलेले फडके, हाही या भूमीचा वेशच आहे. परंतु तो कोणी मुद्दाम टिपला नाही. टिपला असेल तर दुसऱ्याच कशाच्या तरी मागे, चुकून. म्हणून जुन्या चित्रात मुख्य माणसामागे कोण उभे आहे ते भिंग लावून पाहावे.

हे सर्व पाहावयाचे तर चित्र टिकले पाहिजे. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर ते टांगू नये, आणि ज्या भिंतीवर ऊन येते तेथेही नको. डिंक किंवा चिकटपट्टी लावू नये. चित्र काचेस चिकटले असेल तर ओढून काढू नये. काचेसकट सावलीत धरून मोबाईलवर त्याची प्रत घ्यावी. मागील बाजूस मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने नाव, गाव आणि नाते लिहावे. शाई कागदातून पुढे फुटते. जुनी मासिके रद्दीत घालण्यापूर्वी गावच्या वाचनालयास विचारावे.

यांतील सर्वांत तातडीचे काम नाव लिहिण्याचे आहे. कागद आणखी पन्नास वर्षेही तग धरील. परंतु त्यावरील चेहरे ओळखणारी घरात बहुधा एकच वृद्ध स्त्री उरलेली असते. एखाद्या दुपारी तिच्या शेजारी बसून चित्र तिच्या हाती द्यावे आणि प्रथम लुगड्याचा रंग विचारावा. रंग आठवला की त्याच्यामागोमाग ते कोठून आणले, कोणाच्या लग्नात नेसले आणि पुढे त्याची वाकळ कोणाच्या अंगावर गेली, हे सारे तिला आठवत जाईल. कॅमेऱ्याला जो रंग दिसला नाही, तो तिच्या डोळ्यांपुढे अद्याप ताजा आहे. तो ऐकून चित्रामागे लिहून ठेवला, म्हणजे पणजीच्या कपाळीचे कुंकू पुन्हा लाल होईल.